नगर सोडविणाऱ्याची आठवण

(मननासाठीं शास्त्रभाग : उपदेशक ९:१३-१६, इब्री १३:७)



उपदेशकाच्या पुस्तकांत एका लहानशा नगराची हकीकत आहे. नगरांत वस्ती थोडी, आणि बाहेर एका बलाढ्य राजाचा वेढा. अशा संकटांत त्या नगरांतल्याच एका दरिद्री पण शहाण्या मनुष्यानें युक्तीनें सर्वांचा बचाव केला. वेढा उठला, लोक आपापल्या कामाला लागले, आणि तो मनुष्य कोणाच्याही स्मरणांत राहिला नाहीं. आपल्या मंडळ्यांतील वडील माणसांना हा भाग वाचतांना एखादें तरी नांव आठवल्यावांचून राहत नसेल. ज्यानें दुष्काळांत मुलांना आपल्या ओसरीवर बसवून अक्षरें शिकविलीं, त्याची कबर कोठें आहे असें विचारलें तर तरुण मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आज ह्याच्या उलट घडलेली एक गोष्ट आपणांपुढें ठेवावयाची आहे. ती पवित्र शास्त्रांतली नव्हे. आणि जिच्याविषयीं ती आहे ती व्यक्ति उपदेशक नव्हती कीं साधुही नव्हती. तो फुटबॉलचा खेळ खेळणारा व शिकविणारा, अंगानें उंच, स्वभावानें तापट, बोलण्यांत रोखठोक असा एक इंग्रज होता. त्याचें नांव जॅक चार्लटन. ता. १० जुलै २०२० रोजीं वयाच्या ८५ व्या वर्षीं तो वारला, तेव्हां त्याच्या मायदेशांत शोक झालाच. परंतु शेजारच्या आयर्लंड देशांत जो शोक झाला तो घरचा वडील मनुष्य गेल्यासारखा होता.

ह्यांत नवल काय तें समजण्यासाठीं थोडें मागें जाऊं. आयर्लंडावर इंग्रजांनीं शेंकडों वर्षें राज्य केलें. १८४५ पासून १८५२ पर्यंत तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो महादुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देश सोडून गेलीं. आणि त्या वेळच्या सरकारनें काय केलें व काय केलें नाहीं, ह्याची सल त्या लोकांच्या मनांतून गेली नाहीं. १९२२ सालीं देशाचा मोठा भाग वेगळा झाला, पण उत्तरेकडील भागांत ख्रिस्ती म्हणविणाऱ्याच दोन पक्षांत रक्तपात चालूच होता. हें लिहितांना लाज वाटते, परंतु तें खरें आहे. अशा काळीं, फेब्रुवारी १९८६ मध्यें, आयर्लंडच्या राष्ट्रीय संघावर एक इंग्रज मनुष्य व्यवस्थापक म्हणून नेमण्यांत आला. व्यवस्थापक म्हणजे खेळाडू निवडणारा, त्यांना वळण लावणारा, आणि हार झाली असतां सर्वांच्या शिव्या खाणारा. पहिल्याच सामन्याच्या वेळीं प्रेक्षकांत एक फलक झळकला. ब्रिटिशांच्या निशाणाला युनियन जॅक म्हणतात. त्या नांवावर कोटी करून ह्या जॅकला परत जाण्यास त्यावर सांगितलें होतें. तो सामनाही ते हरले.

चार्लटनचा जन्म १९३५ सालीं इंग्लंडच्या उत्तरेकडील ॲशिंग्टन ह्या कोळशाच्या खाणींच्या गांवीं झाला. बाप खाणकामगार. मुलगाही पंधराव्या वर्षीं खाणींत उतरून पाहून आला, आणि हें आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं असें म्हणून निघाला. धाकटा भाऊ बॉबी हा खेळांत जन्मतःच निपुण. जॅक तसा नव्हता, हें तो स्वतःच कबूल करी. लीड्स येथील एका संघांत तो वीस वर्षांहून अधिक काळ नेटानें खेळला, आणि १९६६ सालीं इंग्लंडनें विश्वचषक जिंकला त्या संघांत हे दोघे भाऊ होते. अंतिम सामना संपल्याची शिटी होतांच जॅकनें मैदानावर गुडघे टेकले. पुढें १९७७ मध्यें त्यानें आपल्या देशाच्या संघाची व्यवस्थापकी मागण्यासाठीं अर्ज केला. त्याला नकारही आला नाहीं. उत्तरच आलें नाहीं. ही गोष्ट तो जन्मभर विसरला नाहीं. गवंड्यांनीं बाजूला टाकलेल्या चिऱ्याविषयीं आपण पुष्कळदां उपदेश करतों. पण तसा बाजूला पडलेला मनुष्य आपल्या समोरच्या बांकावर बसलेला असतो तेव्हां तो आपल्याला दिसतो काय?

आयर्लंडांत आल्यावर त्यानें एक काम मोठ्या चिकाटीनें केलें. दुष्काळापासून त्या देशाचे लोक पोटासाठीं परदेशीं जात आले होते. १९८६ च्या सुमारासही शंभर कामकऱ्यांत सतरा जण बेकार होते व तरुणांच्या टोळ्या बोटींत बसत होत्या. इंग्लंड व स्कॉटलंड येथें गेलेल्या अशा घरांचीं मुलें व नातवंडें तेथेंच जन्मलीं, तेथलीच बोली बोलूं लागलीं. नियमाप्रमाणें बापाच्या किंवा आजीच्या नात्यानें अशा खेळाडूला आयर्लंडकडून खेळतां येत असे. चार्लटननें त्यांना शोधून काढिलें. रे हॉटन हा त्यांतला एक; जन्म ग्लासगो शहरीं, बाप आयर्लंडच्या डोनेगल परगण्यांतला. हे खरे आयरिश नव्हेत, भाडोत्री आहेत, अशी कुजबुज झाली. परंतु ज्यांची बहीण लंडनला, भाऊ बॉस्टनला, अशा हजारों आयांना ह्या संघांत आपलींच दूर गेलेलीं लेंकरें घरीं आल्यासारखीं वाटलीं. माझ्या मतें लोकांच्या प्रेमाचें मूळ विजयांत नसून येथें आहे.

त्याची खेळण्याची रीत मात्र देखणी नव्हती. चेंडू लांब मारून प्रतिपक्षाच्या पाठीमागें टाकावयाचा, आणि मग त्यांना मागें वळून पळावयास लावून श्वास घेऊं द्यावयाचा नाहीं, एवढेंच तिचें सूत्र. जाणत्यांनीं नाकें मुरडलीं, आणि तीं अगदींच उगीच मुरडलीं असेंही नाहीं. परंतु पदरीं जीं माणसें होतीं त्यांना जें साधेल तेंच त्यानें त्यांना शिकविलें. ज्या मंडळींत चार माणसांनाही नीट वाचतां येत नाहीं, तेथें विद्वत्तापूर्ण व्याख्यानें देणाऱ्या आम्हां उपदेशकांना ह्यांतून काय घेतां येईल तें ज्याचें त्यानें पाहावें.

तोंवर कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरींत आयर्लंडला कधींच जागा मिळाली नव्हती. ती १९८८ सालीं युरोपच्या स्पर्धेंत मिळाली, आणि ता. १२ जून रोजीं जर्मनींतील श्टुटगार्ट शहरीं पहिलाच सामना पडला तो इंग्लंडशीं. सहाव्या मिनिटाला हॉटननें डोक्यानें गोल केला. आयर्लंड एका गोलानें जिंकला. मग १९९० मध्यें इटलींत विश्वचषकाची स्पर्धा झाली. ता. २५ जूनला जिनोआ येथें रुमानियाशीं दोन तास झुंजूनही कोणाचा गोल झाला नाहीं, म्हणून दोन्हीं बाजूंनीं पांच पांच पेनल्टी मारून निकाल लावण्याचें ठरलें. रुमानियाचा पांचवा चेंडू गोलरक्षक पॅकी बॉनर ह्यानें उडी घालून अडविला. आतां आयर्लंडचा शेवटचा चेंडू. तो मारण्यास पुढें आला डेव्हिड ओलिअरी.

हा ओलिअरी कोण? १९८६ सालीं एका दौऱ्यासाठीं चार्लटननें त्याला प्रथम निवडलें नव्हतें. मागाहून माणसें कमी पडल्यावर बोलाविलें, तेव्हां, मुलांबाळांना सहलीस नेण्याचें कबूल केलें आहे, म्हणून त्यानें नाहीं म्हटलें. त्यावर चार्लटननें त्याला दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर ठेविलें. ह्यांत चूक व्यवस्थापकाची होती असेंच मला वाटतें. पण शेवटीं त्यानें त्याला परत घेतलें, आणि सबंध देशाचा श्वास ज्या एका चेंडूवर अडकला होता तो ह्याच मनुष्याच्या पायाशीं आला. त्यानें गोल केला. पुढच्या सामन्यांत रोम येथें इटलीनें त्यांना एका गोलानें हरविलें. म्हणजे त्या स्पर्धेंत आयर्लंडनें ठरल्या वेळांत एकही सामना जिंकला नाहीं! तरी ते डब्लिनला परतले तेव्हां रस्त्यांवर पांच लक्ष माणसें लोटलीं असा अंदाज झाला. आणि तो सारा देश पस्तीस लक्षांचा.

पॉल मॅक्ग्रा ह्याच्याविषयीं लिहिल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. हा डब्लिनच्या अनाथ बालगृहांत वाढलेला, काळ्या वर्णाचा, त्या संघांतला कदाचित् सर्वांत गुणी खेळाडू. परंतु दारूनें त्याला ग्रासलें होतें, आणि गुडघे निकामी होत चालले होते. त्यानें आपली कहाणी पुढें आपल्याच पुस्तकांत लपवाछपवी न करतां सांगितली. चार्लटन इतरांवर ओरडे. ह्याच्याशीं मात्र तो हळू बोले, त्याला सांभाळून घेई, आणि टाकून देत नसे. बाप न पाहिलेल्या त्या मनुष्यानें त्याला बापाच्या ठिकाणीं मानलें. व्यसनी बंधूचें नांव मंडळीच्या पुस्तकांतून खोडण्याची आपल्याला कधीं कधीं फार घाई होते.

परंतु मेलेल्याच्या आठवणींत खोटें मिसळूं नये. लिअम ब्रेडी हा त्या देशाचा अत्यंत कसबी खेळाडू. १९८९ मध्यें पश्चिम जर्मनीबरोबरच्या सामन्यांत, पहिला अर्धा खेळही संपला नसतां, चार्लटननें त्याला हजारों लोकांसमक्ष मैदानाबाहेर काढिलें. तो अपमान पुष्कळांना खुपला. हट्टीपणा त्याच्यांत भरपूर होता. इब्रीकरांस पत्र लिहिणारा आपल्याला पुढाऱ्यांची आठवण ठेवावयास सांगतो, ती त्यांच्या वागणुकीचा शेवट नीट पाहून. डोळे मिटून नव्हे.

तो शेवट कसा होता? १९९४ सालीं अमेरिकेंत, ता. १८ जून रोजीं, ह्या संघानें बलाढ्य इटलीला हरविलें. त्याच संध्याकाळीं उत्तर आयर्लंडांतील लॉकिनआयलंड गांवीं एका दारूच्या गुत्त्यांत हाच सामना पाहत बसलेल्या सहा निरुपद्रवी माणसांना बंदूकवाल्यांनीं ठार केलें. खेळानें देश शुद्ध होत नाहीं, हें त्या रात्रीं सर्वांना कळलें. पुढच्या वर्षीं, ता. १५ फेब्रुवारी १९९५ रोजीं, इंग्लंडचा संघ डब्लिनला आला असतां त्यांच्यातल्या कांहीं दंगेखोर प्रेक्षकांनीं बांकें मोडून फेंकलीं व २७ व्या मिनिटाला खेळ बंद करावा लागला. ते लोक चार्लटनला उद्देशून यहूदाचें नांव घेऊन ओरडत होते. ज्यानें चांदीच्या नाण्यांसाठीं आपल्या प्रभूला विकलें त्याचें नांव! आणि हें कोणाला, तर ज्यानें त्यांच्याच देशासाठीं विश्वचषक जिंकतांना घाम गाळला होता त्याला. दुसऱ्याच्या लेंकरांवर प्रेम करणाऱ्याला घरचे लोक विश्वासघातकी म्हणतात, ही गोष्ट परगांवीं नेमलेल्या आमच्या पुष्कळ उपदेशकांना नवी नाहीं.

त्याच वर्षाच्या ता. १३ डिसेंबरला लिव्हरपूल येथें हॉलंडशीं दोन गोलांनीं हरून आयर्लंडची पुढची वाट बंद झाली. हरलेले प्रेक्षक घरीं जाईनात. ते गात राहिले, व शेवटीं चार्लटन पुन्हां मैदानावर आला आणि त्याला अश्रु आवरेनात. त्यानंतर लौकरच त्यानें पद सोडलें. १९९६ सालीं आयर्लंडनें त्याला सन्मानाचें नागरिकत्व दिलें. जो परत जा म्हणून सांगितला गेला होता, त्याला दहा वर्षांनीं येथलाच हो असें सांगण्यांत आलें. आणि तें त्याच्या कानीं पडेल अशा वेळीं, मेल्यावर नव्हे. त्याच्या स्वतःच्या देशांत धाकट्या भावाला ‘सर’ ही पदवी मिळाली; जॅकला ती कधींच मिळाली नाहीं, आणि तो वारल्यावर ती द्या म्हणून लोक मागूं लागले.

आतां शेवटची गोष्ट. चार्लटनला नांवें कधींच नीट आठवत नसत. आपल्याच खेळाडूंना तो भलत्याच नांवांनीं हांका मारी, आणि सारे हंसत. म्हातारपणीं तें हंसणें थांबलें. स्मृतिभ्रंशाच्या रोगानें एक एक करून सारें पुसून नेलें. त्याच्या अखेरच्या दिवसांत घेतलेल्या एका चित्रपटांत तो आपलेच जुने सामने पाहत बसलेला दिसतो, परंतु हें सारें आपण केलें ह्याची त्याला पुरती ओळख नाहीं. नगर सोडविणारा मनुष्यच वेढा विसरला. विसरलें नाहीं तें नगर. आपल्या घरांतही असे वृद्ध आहेत. सून पाणी देते तिला ते कोण म्हणून विचारतात. यशयाच्या ग्रंथांत परमेश्वर म्हणतो कीं आई एक वेळ विसरेल, पण आपण विसरणार नाहीं. ज्याला कोणीच आठवत नाहीं त्याच्या उशाशीं बसणाऱ्यांनीं हें वचन पुन्हां काढून वाचावें.

त्या वर्षीं करोनाच्या साथीमुळें अंत्यविधीला फार थोड्यांना जाण्याची मुभा होती. म्हणून ता. २१ जुलै २०२० रोजीं त्याची शवपेटी ॲशिंग्टनच्या रस्त्यांवरून हळू हळू नेली, आणि लोक दोन्हीं बाजूंना उभे राहिले. त्या खाणींच्या गांवांत कोणाकोणाच्या अंगांत आयर्लंडचे हिरवे सदरे होते. त्याच दुपारीं समुद्रापलीकडे आयर्लंडांत निरनिराळ्या रेडिओंवर एकाच वेळीं १९९० सालचें संघाचें गाणें लाविलें, आणि डब्लिनच्या वॉकिन्सटाउन चौकांत, जेथें तीस वर्षांपूर्वीं लोक नाचले होते, तेथें तें गाण्यासाठीं माणसें जमलीं. त्या गाण्यांत मध्येंच चार्लटनचा स्वतःचा आवाज आहे. उत्तर इंग्लंडच्या खाणवाल्यांच्या जाड्याभरड्या बोलींत तो प्रतिपक्षाला श्वास घेऊं देऊं नका म्हणून सांगत असतो. इकडे त्याला पोंचवीत होते, आणि तिकडे स्वयंपाकघरांतून, दुकानांतून, रस्त्यावर थांबलेल्या मोटारींतून तो आवाज ऐकूं येत होता.