नदीचा पूर आणि इंजिनाचा काटा

लेहमध्ये जानेवारीच्या सकाळी पारा बऱ्याचदा उणे पंधराच्या आसपास असतो. अशा हवेत अर्धा तास चालूनही गाडीचा टेंपरेचरचा काटा वर चढत नसेल आणि हीटरमधून नुसती कोमट हवा येत असेल, तर काहीतरी बिघडले आहे एवढे कळते. काय बिघडले, हे काटा सांगत नाही. कार्यावरून कारण ओळखण्याच्या अशा अनुमानाला न्यायदर्शनात ‘शेषवत्’ म्हणतात. त्याचे ठरलेले उदाहरण नदीच्या पुराचे: नदी फुगलेली दिसली, म्हणजे वर पाऊस झाला.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच उदाहरणावर आक्षेप घेतला आहे. नदी पुढे कुठे अडवली तरी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार म्हणावे, तर वारूळ मोडल्यावरही त्या तशाच निघतात. मोराचा आवाज माणूसही काढतो. एकाच कार्याला अनेक कारणे असतील, तर अनुमानाला प्रमाण का मानावे? उत्तर असे की, खरी खूण आणि तिच्यासारखी दिसणारी खूण मुळात एक नाहीतच. भाष्यकार वात्स्यायन पावसाच्या पुराचे वर्णन करतो: ओढ जोरदार, पाण्यावर फेस, सोबत वाहून आलेली पाने, फळे, लाकडे. तुंबलेल्या पाण्यात यातले काही नसते. म्हणजे दोष अनुमानाचा नाही, खूण अर्धवट पाहणाऱ्याचा आहे.

‘काटा खाली आहे’ ही अशीच अर्धवट खूण आहे. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातले मेण साधारण ८२ ते ९० अंशांना वितळून फुगते आणि झडप उघडते. तोवर कूलंट इंजिनात आणि हीटरमध्येच फिरते. झडप उघडीच अडकली, तर पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहते. त्याची फेसापानांसकट खूण अशी: गाडी गर्दीत थांबली की काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की पडतो. थर्मोस्टॅट कूलंट बाहेर पडण्याच्या बाजूला असेल, तर गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप काही मिनिटे गारच राहायला हवा. तो लगेच कोमट होऊ लागला, तर झडपेवरचा संशय पक्का होतो.

हीटर मात्र चांगला गरम असेल, तर खोटे बोलतो तो काटा. सेन्सरच्या जोडणीला गंज चढला की विजेचा अडथळा वाढतो, आणि अडथळा जास्त म्हणजे तापमान कमी असाच अर्थ गाडी लावते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे.

सर्वांत फसवे कारण म्हणजे कूलंटच कमी असणे. सेन्सर हवेच्या पोकळीत राहतो, हीटर गार पडतो, काटा खाली असतो आणि आत धातू भाजत असतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी आधी पाहावी, बाकीचे तर्क नंतर. इंजिन तापत नाही म्हणून सतत फिरणाऱ्या पंख्यावरही अनेकांचा संशय असतो. पण झडप बंद असेल तर कूलंट रेडिएटरकडे फारसे जातच नाही, मग पंखा एकटा काय गार करणार? माती वाहणारे गाढव मडक्याच्या आधी हजर असते, म्हणून नैयायिक त्याला मडक्याचे कारण म्हणत नाहीत, ते ‘अन्यथासिद्ध’; पंखाही तसाच.

मोराच्या आवाजाची नक्कलही इथे सापडते. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की हेड गॅस्केट गेली, अशी घाई होते. इंजिन नीट तापत नसेल आणि फेऱ्या छोट्या असतील, तर नुसती वाफ साचूनही तशीच साय धरते. कूलंट घटत नसेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर गॅस्केट उघडायचे कारण नाही.

कधी कारण म्हणजे एक अभाव असतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची खोड मैदानी भागातल्या जुन्या मेकॅनिकांना होती. तशी गाडी हिमालयात गेली की तापतच नाही. अभाव कळायला ज्याचा अभाव आहे ती वस्तू, म्हणजे प्रतियोगी, आधी माहीत हवी असे नैयायिक सांगतात. तिथे झडप असते हेच ठाऊक नसणाऱ्याला तो नुसता पाइप दिसतो.

ज्ञान खरे होते की नाही, हे त्याला धरून केलेल्या कृतीच्या यशावरून ठरते, हाही न्यायाचाच पक्ष. नवी झडप बसवली, काटा मध्यावर आला, म्हणजे निदान बरोबर? झडप बदलताना कूलंटही नवे, पूर्ण भरले गेलेले असते. यश कोणाचे, ते कळत नाही. यासाठी जुनी झडप फेकू नये. ती पातेल्यात थर्मामीटरसोबत पाण्यात तापवावी. गार पाण्यात ती घट्ट बंद राहिली आणि तिच्यावर कोरलेल्या अंशालाच उघडली, तर गाडी दुरुस्त झाली असली तरी निदान चुकलेलेच होते.