हलकी काठी कोणासाठी?

आमचे एक स्नेही दर वर्षी पाठीवर पिशवी टाकून डोंगर तुडवायला निघतात. यंदा बेत काश्मीरचा आहे. सोनमर्गहून निचनाईची खिंड ओलांडून विशनसर, किशनसर ही तळी गाठायची आणि डोंगरातल्या ओढ्यांत (तिकडे त्यांना नालेच म्हणतात) ट्राउट मासा धरायचा. त्यासाठी फ्लाय रॉड, म्हणजे बनावट माशीने मासा धरायची काठी, विकत घ्यायची आहे. दोन-तीन माहितीपत्रके आमच्यापुढे टाकून ते म्हणाले, "सर, यातली सर्वांत हलकी कोणती तेवढे सांगा."

प्रश्न साधा होता, पण आम्ही अडखळलो.

आपल्या खाडीवर गळ टाकणारा माणूस शिशाच्या वजनावर दोरी लांब फेकतो. फ्लाय रॉडच्या दोरीला पिसे आणि दोरे गुंडाळून केलेली माशी असते, तिला वजन असे नसतेच. म्हणून दोरीच जड केलेली असते आणि काठी ती दोरी फेकते. काठीवर छापलेला 3, 4, 5 हा आकडा काठीच्या वजनाचा नसून ती कोणत्या वजनाची दोरी पेलते, याचा असतो. आमच्या स्नेह्यांचा इथेच घोटाळा झाला होता. खरे तर कार्बनच्या चांगल्या काठ्या बहुधा 100 ग्रॅमच्या आतबाहेर असतात. 3 आणि 5 नंबरच्या वजनातला फरक पाठीला कळतही नाही. कळते ती लांबी. 9 फुटी काठी 4 तुकड्यांची असेल तर मिटवूनही सव्वादोन फूट उरते, पिशवीबाहेर डोकावते आणि झुडपांत अडकते. तीच 6 तुकड्यांची असेल तर दीड फुटात मावते. जपानच्या डोंगरी ओढ्यांतली तेनकारा पद्धत याहून सुटसुटीत आहे. एकात एक सरकणारी काठी, दोरी थेट शेंड्याला बांधलेली, रीळच नाही.

इथपर्यंत हिशेब आपल्या खांद्याचा झाला. माशाचा हिशेब कोणत्याच माहितीपत्रकात नव्हता.

हलक्या काठीचे शौकीन सांगतात की तिच्यावर लहान मासाही मोठा वाटतो, झुंज रंगते. खरे आहे. पण झुंज रंगते म्हणजे काय होते? काठी लवचीक, तिला जोडलेला धागा बारीक, म्हणून जोर लावता येत नाही आणि मासा बराच वेळ पाण्यात ओढ खात राहतो. त्याच्या स्नायूंत आम्ल साचते, दम संपतो. पाणी कोमट असेल तर त्यात प्राणवायू कमी, मग आणखी वाईट. अशा माशाला सोडून दिले तर तो शेपटी हलवत निघून जातो आणि आपल्याला सवाब मिळाल्यासारखे वाटते. पुढे कुठल्या दगडाआड तो मेला, हे पाहायला आपण थांबत नाही. धागा तुटला तर तोंडात गळ घेऊन जातो तो वेगळाच. वीतभर माशाला 3 नंबरची काठी पुरते, हे मान्य. आमची हरकत गरजेपेक्षा नाजूक काठी मुद्दाम मजेसाठी निवडण्याला आहे. खांद्यावरचे वजन कमी करणे निराळे आणि झुंज लांबवणे निराळे. 'हलकी' या एकाच शब्दात दोन्ही लपतात.

सूरह माइदाच्या 96 व्या आयतीने पाण्यातली शिकार हलाल केली आहे. मासा जबह करावा लागत नाही, आणि त्यामुळेच की काय, त्याच्या तकलीफीचा विचार करायची आपल्याला सवय नाही. बकऱ्याच्या वेळी मात्र आपण जागे असतो. सुरीला नीट धार लावा, जनावराला आराम द्या, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि ती आपल्या मुलांनाही पाठ असते. पण तिची सुरुवात सुरीपासून होत नाही. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, लाजिम केले आहे, असे ती आधी सांगते. आम्ही मुफ्ती नव्हे. पण जबह माफ झाला म्हणून एहसानही माफ झाला, असे आम्हांला वाटत नाही. बोथट सुरी आणि नको इतकी नाजूक काठी यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

स्नेही म्हणाले, "पण मी तर मासे सोडूनच देणार!" इथे आमची खरी अडचण आहे. मासे कमी असलेल्या पाण्यात सोडून देण्याला अर्थ आहे, हे नाकारता येत नाही. तरी सजीवाला निशाणा बनवू नका, असेही आपल्याला सांगितलेले आहे. रत्नागिरीकडच्या दालदी मच्छीमाराला हा प्रश्न पडत नाही. त्याची नियत पोटाची आहे. काश्मीरच्या नाल्यांत मात्र प्रश्न माशाबरोबरच आला. तिथला ब्राउन ट्राउट मुळचा तिथला नव्हे. साहेब लोकांच्या शौकासाठी 1900 साली स्कॉटलंडहून त्याची अंडी आणली गेली. दोन मासे धरून, खाऊन उठणारा आणि वीस धरून वीस सोडणारा यांत आम्ही पहिल्याच्या शेजारी बसू. दुसरा वाईट माणूस आहे, असे मात्र म्हणवत नाही.

शेवटी आम्ही त्यांना 8 फुटी, 4 नंबरची, 6 तुकड्यांची काठी सांगितली. धागा जरा जाड घ्या, गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा पटकन सुटतो. आणि मत्स्यविभागाचा परवाना आधी काढा.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. काठी घेतली, पक्कडही घेतली. आता हलका तवा कुठे मिळेल, असे विचारत होते.