खुर्चीतून दिसणारा कारखाना

बारावीनंतर थेट व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या पदवीला पुण्याकडे बीबीए आणि मुंबईत बीएमएस म्हणतात. नावे वेगळी असली तरी आतला ऐवज बहुतांशी सारखाच आहे. व्यवस्थापनाची तत्त्वे, वित्तीय लेखांकन, अर्थशास्त्र, विपणन, मनुष्यबळ व्यवस्थापन, संख्याशास्त्र, व्यापारी कायदे आणि संप्रेषण हे विषय आधी शिकवले जातात, मग विद्यार्थी वित्त, विपणन किंवा मनुष्यबळ यांपैकी एखादी शाखा निवडतो आणि शेवटी प्रकल्प-अहवाल सादर करून पदवीधर होतो. या विषयांपैकी एकही विषय वावगा नाही. विचार करायला हवा तो हे सारे विषय ज्या एकाच जागेवरून पाहिले जातात त्या जागेचा. कामगारांना प्रेरणा कशी द्यावी, ग्राहकाचे वर्तन कसे ओळखावे, पुरवठादाराकडून माल कमी दरात कसा मिळवावा, असे पाठ्यपुस्तकातील जवळजवळ सर्व प्रश्न विद्यार्थ्याला व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसवून विचारलेले असतात. कामगार, ग्राहक किंवा पुरवठादार यांच्या बाजूने तोच व्यवहार कसा दिसतो, हे विचारणारा प्रश्न क्वचितच येतो. आणि अठराव्या वर्षी विद्यार्थ्याच्या गाठीशी जो काही अनुभव असतो, तो नेमका याच बाजूंचा असतो.

ही खुर्ची अभ्यासक्रमात आली कोठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ मध्ये उद्योगपती जोसेफ व्हॉर्टन यांच्या देणगीतून वित्त व वाणिज्याचे पहिले विद्यापीठीय विद्यालय सुरू झाले. मुंबईत १९१३ मध्ये स्थापन झालेले सिडनहॅम महाविद्यालय हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते, आणि पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय काढले. वाणिज्य शाखेची भूमिका स्पष्ट होती: हिशेब ठेवणारी, तपासणारी, बँकेचे आणि विम्याचे काम जाणणारी माणसे तिला घडवायची होती. व्यवस्थापनाच्या शिक्षणाने मात्र निर्णय घेणारा माणूस घडवण्याचा संकल्प केला आणि तो आपल्याकडे पदव्युत्तर पातळीवर आला. कोलकाता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये, तर मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये उभी राहिली; अहमदाबादला हार्वर्डचे आणि मुंबईला स्टॅनफर्डचे साहाय्य होते. पदवी पातळीवरचे अभ्यासक्रम महाराष्ट्रात रुजले ते त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने, विनाअनुदानित स्वरूपात, आणि त्यांची आखणी करताना समोर ठेवला गेला तो पदव्युत्तर नमुनाच. त्या नमुन्यातून पुस्तके आली, संकल्पना आल्या आणि अध्यापनाची पद्धतही आली. ज्या एका गोष्टीवर तो नमुना उभा होता, ती म्हणजे विद्यार्थ्याचा नोकरीतला अनुभव, तेवढी येऊ शकली नाही.

हार्वर्डने रूढ केलेली प्रसंगाभ्यासाची पद्धत, जिला महाविद्यालयांत सर्रास केस स्टडी म्हटले जाते, हे याचे ठळक उदाहरण होय. एखाद्या खऱ्या संस्थेपुढे उभ्या राहिलेल्या पेचाचे सविस्तर वर्णन विद्यार्थ्यांनी आधी वाचायचे आणि वर्गात निर्णय काय घ्यावा यावर वाद घालायचा, असे तिचे स्वरूप असते. काही वर्षे कारखान्यात किंवा बँकेत काढलेली माणसे वर्गात बसलेली असतात तेव्हा वर्णनात न लिहिलेल्या गोष्टी ती आपल्या अनुभवातून भरून काढतात, आणि वादाला धार येते. अठरा-एकोणीस वर्षांच्या वर्गात तेच वर्णन दीड पानाचे होते, प्रश्न तीन उरतात आणि उत्तरे पुस्तकातल्या संकल्पनांची नावे घेऊन लिहिली जातात. विद्यार्थी येथे आळशी नसतो. ज्या जागेवर तो कधी बसलेला नाही त्या जागेवरून बोलण्याची सक्ती त्याच्यावर केलेली असते.

पदवी पातळीवरच्या या शिक्षणाविषयी अमेरिकेत फार पूर्वी शंका उपस्थित झाल्या होत्या. फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांनी आणि कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी पिअर्सन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन अहवालांनी हे शिक्षण संकुचित आणि कमी प्रतीचे असल्याचे दाखवून गणित, सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या यांचा पाया वाढवण्याचा सल्ला दिला. त्याचा परिणाम झाला, पण तो एकांगी. संख्यात्मक विश्लेषण वाढले आणि मानव्यविद्या मागेच राहिल्या. पुढे २०११ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अभ्यासगटाने पुन्हा सांगितले की विद्यार्थ्यांना प्रतिमाने वापरता येतात, परंतु एकाच परिस्थितीकडे अनेक बाजूंनी पाहण्याची सवय त्यांना लावली जात नाही. अमेरिकेत दरवर्षी पदवी घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा व्यवसाय शाखेचा असतो, हे लक्षात घेतले तर ही उणीव लहान नव्हे.

अनेक बाजूंनी पाहणे म्हणजे काय, हे पहिल्याच सत्रातील एका धड्यावरून दाखवता येते. फ्रेडरिक टेलर यांना शास्त्रीय व्यवस्थापनाचे जनक म्हणून विद्यार्थी ओळखतात. काम लहान घटकांत विभागून, प्रत्येक हालचालीची वेळ मोजून, ते करण्याची सर्वोत्तम रीत ठरवावी आणि कामगाराला ती शिकवावी, हे त्यांचे प्रतिपादन. १९११ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बेथलेहेम पोलाद कारखान्यातील ज्या कामगाराची हकिकत सांगितली आहे, तो दिवसाला साडेबारा टन कच्च्या लोखंडाच्या कांबी वाहत असे. टेलर यांच्या पद्धतीने तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला आणि त्याची रोजची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. परीक्षेच्या उत्तरात हे उदाहरण उत्पादकतेच्या विजयासाठी दिले जाते. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येणारे गणित केले की दिसते, काम जवळजवळ पावणेचारपट झाले आणि मजुरी वाढली सुमारे ६१ टक्के. म्हणजेच एक टन वाहण्याबद्दल कामगाराला पूर्वी सुमारे सव्वानऊ सेंट मिळत, ते चार सेंटहूनही खाली आले. मजुरी साठ टक्क्यांहून फार वाढवली तर माणसे अनियमित आणि उधळी होतात, असे कारणही टेलर यांनी त्याच ग्रंथात दिले आहे. हे गणित वर्गात झाले तर टेलर यांचे श्रेय कमी होत नाही. त्यांची पद्धत किती परिणामकारक होती हेही त्यातूनच कळते. मात्र वाढलेल्या उत्पादनाची वाटणी कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावी, हा व्यवस्थापनशास्त्राच्या मुळाशी असलेला प्रश्न विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात भेटतो.

आज तसे घडत नाही, याचे एक कारण पुनरुक्तीत आहे. आँरी फेयोल या फ्रेंच खाण अभियंत्याने मांडलेली व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे महाराष्ट्रातील वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बारावीत शिकतो. मराठी माध्यमातला विद्यार्थी ‘आदेशातील एकवाक्यता’ हा शब्द तेथे पाठ करतो, आणि पदवीच्या पहिल्या सत्रात तेच तत्त्व इंग्रजी नावाने पुन्हा पाठ करतो. संकल्पना नवी नसते, नवी असते ती भाषा. त्यामुळे त्याचे पहिले वर्ष विषय शिकण्याऐवजी भाषांतरात जाते. हिशेबाच्या बाबतीत तर हानी अधिक आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मराठी व्यापाऱ्याच्या गादीवर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहेत, आणि ताळेबंद या शब्दाला तर अर्थही स्वतःच सांगता येतो: दोन्ही बाजूंचा ताळा जुळवून हिशेब बंद करणे. घरच्या दुकानात कीर्द-खतावणी पाहिलेला मुलगा महाविद्यालयात आल्यावर आपल्याला हा विषय थोडा तरी येतो हे विसरून जातो, कारण त्याच्या माहितीला वर्गात नाव उरलेले नसते.

खुर्चीची मर्यादा सर्वांत स्पष्ट होते ती सहकारी साखर कारखान्यापाशी. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील बीबीएच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा मोठा उद्योग हाच असतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा परिसरात १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कारखान्याने या चळवळीचा पाया घातला. पाठ्यपुस्तक सांगते की कच्च्या मालाची किंमत हा खर्च आहे आणि तो शक्य तितका कमी ठेवणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. सहकारी कारखान्यात कच्चा माल पुरवणारा ऊस उत्पादक हाच सभासद म्हणजे मालक असतो. उसाचा दर हा कारखान्याच्या वहीत खर्च असला तरी मालकाच्या घरात ते उत्पन्न असते. नफा वाढवणे हे उद्दिष्ट येथे पुस्तकातल्या सरळ अर्थाने लागूच पडत नाही. त्यातच हा दर सर्वस्वी कारखान्याच्या हाती नसतो. केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर, ज्याला शेतकरी एफआरपी म्हणतात, जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला तो क्विंटलला ३४० रुपये होता, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. साखर मात्र वर्षभर विकली जाते. चौदा दिवसांची देणी आणि बारा महिन्यांची विक्री यांमधले अंतर कर्जाने भरावे लागते, आणि खेळते भांडवल ही संकल्पना शिकवण्यासाठी याहून चांगला धडा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

याच कारखान्याच्या हिशेबात एक माणूस असा आहे की त्याच्यासाठी मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पुस्तकात प्रकरण नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हंगामासाठी येणारे ऊसतोड मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. ते मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन येतात आणि ती कामातून फेडतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. भरती, निवड, प्रशिक्षण, मूल्यमापन या पायऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला या नात्याचे काय करावे हे कळत नाही, कारण त्यात नोकरी देणारा कोण याचेच उत्तर निश्चित नसते. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याला मिळणाऱ्या दरातून कापला जातो, म्हणून मजुराचा दर वाढला की तो बोजा ऊस उत्पादकाच्या पदरी येतो. दोन कष्टकऱ्यांचे हितसंबंध एका वजावटीच्या ओळीत असे समोरासमोर उभे राहतात, आणि ती ओळ वाचायला लेखांकनाचे शिक्षण लागते. कारखान्याची वही वाचता येणारी, पण शेत आणि कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी, दोन्ही पाहिलेली मुले या वर्गांत असतात; अभ्यासक्रम त्यांच्याकडून फक्त वही मागतो आणि बाकीचे ज्ञान दाराबाहेर ठेवायला लावतो.

या पदवीने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वर्गासमोर उभे राहून पंधरा मिनिटे बोलणे, गटात काम वाटून घेणे, महोत्सवासाठी प्रायोजक मिळवताना नकार ऐकून पुन्हा दुसऱ्या दारात जाणे, हे या मुली-मुलांना खरोखर येते, आणि घरातील पहिलीच पदवीधर असलेल्या मुलीला त्यातून मिळणारा धीर मोलाचा असतो. परंतु ज्यांनी हे शिकवायचे त्यांची स्थिती दुबळी आहे. अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्याने तो विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो आणि अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारे अध्यापक तो पेलतात. कारखाना हिंडून आपल्या भागाचा प्रसंगाभ्यास लिहायला त्यांना ना वेळ मिळतो ना प्रवासखर्च. मुंबईत काळ्या बांधणीमुळे ‘ब्लॅक बुक’ म्हणून ओळखला जाणारा अंतिम वर्षाचा प्रकल्प-अहवाल अनेकदा मागच्या वर्षीच्या अहवालावरून उतरतो, त्याचे मूळ या परिस्थितीत आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले, आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला, आणि महाराष्ट्रात प्रवेशासाठी सामाईक परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्याने अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली, आणि काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वाणिज्य शाखेत नेला. नियमनाची चर्चा अशी नाव, मान्यता आणि प्रवेश यांभोवतीच फिरली. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाची, संशोधनाची आणि कार्यानुभवाची वाट मोकळी केली आहे. तिचा उपयोग चौथ्या वर्षी आणखी एक विशेष शाखा घालण्यासाठी होणार की विद्यार्थ्याला खुर्चीतून उठवण्यासाठी, हे अद्याप ठरायचे आहे.

उठवता येते, याचा दाखला भारतातच आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी ते पद स्वेच्छेने सोडल्यावर १९७५ मध्ये राजस्थानातील जवाजा या दुष्काळी भागात राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या सहकाऱ्यांसह काम सुरू केले. तेथील विणकर आणि चर्मकार यांनी आपला धंदा स्वतः चालवायला शिकावे, आणि शिकवायला आलेल्यांनीही त्यांच्याकडून शिकावे, अशी त्या प्रयोगाची मांडणी होती. ते मोठ्या संस्थेचे बळ असलेले काम होते, आणि तालुक्याच्या महाविद्यालयाला तेवढे साधणार नाही. पण त्या महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर एखादी पतसंस्था, दूध संकलन केंद्र किंवा बाजार समिती असतेच. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल सभासदांना मिळतो, तो मराठीत असतो, आणि त्यात ताळेबंद छापलेला असतो. तिसऱ्या वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांनी एका सत्रात तो एकच ताळेबंद ओळीने वाचावा. थकबाकीच्या आकड्यामागे कोणती पिके, कोणती लग्ने आणि कोणती आजारपणे आहेत हे कर्जदारांकडून, आणि ठेवी कोणाच्या आहेत हे ठेवीदारांकडून समजून घ्यावे. व्यवस्थापकाची अडचण त्याच्या तोंडून ऐकावी. आणि अहवाल सभासदांना कळेल अशा मराठीत लिहून वार्षिक सभेपूर्वी त्यांच्या हाती द्यावा.