आधी गळती, मग रंग

एक रंगारी होता. त्याच्या हाताला सफाई होती. ओल आलेल्या भिंतीला मात्र तो ब्रश लावत नसे. “आधी गळती काढा, मग रंग,” एवढं सांगून तो डबा उचलायचा. ओलीवर दिलेला रंग पोपडे धरतो, हे त्याला ठाऊक होतं.

एका पावसाळ्यात त्याच्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडली, खाज सुटली. त्याने दुकानातून मलम आणलं. आठवड्यात खाज थांबली, मलमही थांबलं. महिन्याने चिखल्या परत आल्या. त्याने दुसरं मलम आणलं. पाऊस सरला, दिवाळी झाली, चिखल्या होत्याच.

त्याला मधुमेह होता. गोळी आठवली तर घ्यायची, साखर तपासायची ती कधीतरी. ज्या घरी काम, तिथला गोड चहा ठरलेला.

एके दिवशी बायकोला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. बेचकीत भेग पडली होती आणि त्याला कळलंही नव्हतं. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी पाय नीट पाहिला, रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (HbA1c) 10.2 टक्के आला.

त्या म्हणाल्या, “काका, साखर वाढलेली राहिली की बुरशीला पोसायला मिळतं आणि तिच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. नसा बधिर होतात, म्हणून भेग दुखली नाही. अशा भेगेतून दुसरे जंतू शिरले तर पायावर बेततं. नुसत्या मलमाने भागणार नाही.”

बायको हळूच म्हणाली, “अहो, लोकांना तुम्हीच सांगता ना, आधी गळती काढा म्हणून?”

रंगाऱ्याने मान खाली घातली.

“गळती आणि रंग, दोन्ही आजपासूनच,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून गोळी वेळेवर सुरू झाली, चहातली साखर गेली. रोज रात्री तो पाय धुऊन बेचक्या कोरड्या करी आणि मलम लावी. खाज थांबली तरी बाईंनी सांगितलं तितके दिवस लावलं. तीन महिन्यांनी आकडा 7.3 वर आला. बेचक्या स्वच्छ झाल्या. पुढचा पावसाळा चिखल्यांशिवाय गेला.

बुरशी डोळ्यांना दिसते, वाढलेली साखर दिसत नाही. म्हणून मधुमेह असताना बोटांत, जांघेत किंवा तोंडात बुरशी पुन्हापुन्हा येत असेल, तर मलम बदलत बसू नका. डॉक्टरांकडे जा, साखर तपासा. आणि रोज रात्री एकदा आपले पाय बघा.