इतिहासकथन आणि अहिंसेचा आचार

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या आचारधर्मात अहिंसेस अग्रस्थान आहे. हिंसा केवळ हातानेच घडते असे नाही. ती वाचेने व मनानेही घडते. म्हणूनच विकार, विकल्प आणि हिंसा ही तिन्ही साधकाने टाळावीत, असे पंथात एकत्रच सांगितले जाते. आता प्रश्न असा की, होऊन गेलेल्या युद्धांविषयी बोलताना ही अहिंसा कशी पाळावी? घडलेले तर पालटत नाही. मग त्याच्या कथनात हिंसा कोठून येणार?

पालघर जिल्ह्यातीलच उदाहरण घ्यावे. तारापूरच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने तटाला सुरुंग लावून तो घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव पडले. दोन्हीकडची पुष्कळ माणसे मारली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात वसई आली. वसईच्या तहाने पोर्तुगीज शिबंदीस कुटुंब व चीजवस्तूंसह सन्मानाने जाऊ दिले, आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्म पाळण्याची मोकळीक दिली.

हा इतिहास तीन प्रकारे सांगितला जातो. कोणी पोर्तुगीज अमलातील धर्मछळ तेवढा सांगतो, कोणी केवळ विजय सांगतो, तर कोणी कारण वगळून रक्तपात तेवढा सांगतो. तिघांचेही शब्द खरे. तरी तिघांचेही कथन अपुरे. छळ, वेढा, संहार आणि तह ही चारही मिळून ती घटना होते. एकही शब्द खोटा न उच्चारता असत्य सांगता येते, ते असे.

येथे शंका घेतली जाते : ‘पूर्वजांवरील अन्याय ऐकून संताप येणे स्वाभाविक आहे. तो सांगूच नये म्हटले तर अहिंसा म्हणजे विस्मरणच की नाही?’

याचे समाधान असे. छळ झाकणे हेही असत्यच; ते अहिंसेत बसत नाही. परंतु ज्या जीवाने कर्म केले त्यासच त्याचे फळ भोगावे लागते, हा सिद्धान्त आहे. १७३९ पूर्वीच्या अंमलदाराचे कर्म आज वसईत शेती वा मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या माथी कसे येईल? अन्यायाचे ज्ञान असावे. त्याचे ऋण मात्र परक्या जीवाकडून वसूल करू नये. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. पालघर त्यांचे स्मरण दरवर्षी करते. त्या स्मरणास आजच्या कोणा इंग्रजाचा द्वेष लागत नाही.

अर्धवट ज्ञानातून विकल्प उपजतो आणि विकल्पातून हिंसा. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, गडचिंचले येथे दोन संन्यासी व त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार मारले. त्या भागात चोर, मुले पळविणारे फिरत असल्याची अफवा पसरली होती. कोणी पाहिले, हे कोणी विचारले नाही. पुढे तपास व्हावयाच्या आतच अनेकांनी त्या हत्येचा दोष एका समाजावर ठेवला. तेथेही कोणी विचारले नाही. अटन करणाऱ्या भिक्षूस ही घटना परकी नाही. अनोळखी गावी त्याचे जीवन गावकऱ्यांच्या विवेकावरच अवलंबून असते. म्हणून दुसऱ्याविषयी ऐकीव बोलण्याचा मोह त्याने तर अधिकच आवरावा.

याचा मार्ग पंथास नवा नाही. म्हाइंभटांनी लीळा जमविल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडे जाऊन, आणि नागदेवाचार्यांच्या संमतीने. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा आठवणींतून ग्रंथ पुन्हा सिद्ध करताना भिन्न पाठ नोंदवून ठेवले; एकाचा पाठ राखण्यासाठी दुसऱ्याचा पुसून टाकला नाही. स्वामींच्या लीळांविषयी एवढी सावधता, तर लोकांच्या वैराविषयी किती हवी!

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत अनेक प्रांतांची, अनेक धर्मांची माणसे एकत्र राबतात. तेथील वासनिकाच्या कानी युद्धाची वा दंगलीची कथा आली, तर त्याने तीन गोष्टी पाहाव्यात : सांगणाऱ्याने पाहिले की ऐकले, काय वगळले, आणि ही कथा ऐकून कोणत्या जिवंत माणसाविषयी मन कलुषित होत आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या शेजाऱ्याचे नाव असेल, तर ती कथा तेथेच थांबवावी.