मौन आणि ओसाडी

माणसाने स्वतःहून पत्करलेल्या निःशब्दतेला मराठीत मौन म्हणतात आणि माणसे उठून गेल्यावर गावात जी निःशब्दता उरते तिला ओसाडी म्हणतात. कानाला दोन्ही सारख्याच वाटल्या, तरी धर्मविचारात त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे. मौन हे व्रत असल्यामुळे त्यामागे संकल्प असतो आणि तो पाळणारा कोणीतरी असतो. ओसाडी मात्र ओढवलेली असते. भूमध्य समुद्राकाठच्या द्राक्षमळ्यांतून, मोटारी फिरकत नाहीत अशा कच्च्या वाटांनी सायकलवरून जाणाऱ्या अनेकांना जे आध्यात्मिक समाधान लाभते, त्याची पारख करताना हा भेद उपयोगी पडतो. या प्रवासासाठी वापरली जाणारी ग्रॅव्हेल बाइक म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण तिच्यापेक्षा रुंद टायर आणि चढासाठी हलके गिअर असलेली सायकल होय. तिच्यावरून जाणाऱ्याला मिळणारी शांतता मौनाच्या जातीची की ओसाडीच्या, आणि ओसाडीचे मौन होऊ शकते काय, हा येथील प्रश्न आहे.

स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनियातला प्रियोरात हा डोंगराळ मुलूख या विचारासाठी विशेष योग्य आहे, कारण तेथे दोन्ही प्रकारची शांतता एकाच भूमीवर नांदली. मोंतसांत, म्हणजे पवित्र पर्वत, या डोंगररांगेच्या पायथ्याशी १२व्या शतकात कार्थुसियन पंथाच्या संन्याशांनी स्काला देई हा मठ उभारला. या लॅटिन नावाचा अर्थ ईश्वराची शिडी असा होतो, आणि शिडीने स्वर्गात चढणारे देवदूत एका मेंढपाळाला त्या जागी दिसले, अशी आख्यायिका त्यामागे आहे. संत ब्रूनो यांनी १०८४ मध्ये स्थापन केलेल्या या पंथात प्रत्येक संन्यासी आपल्या खोलीत एकटा राहतो आणि दिवसाचा बहुतेक काळ न बोलता प्रार्थना, वाचन व अंगमेहनतीत घालवतो. मठाच्या प्रमुखाला प्रायर म्हणत, आणि त्याची सत्ता जेवढ्या गावांवर चाले तो प्रदेश प्रियोरात, असे हे नाव पडले. वेलींची लागवड या मठाच्या आश्रयाने वाढली. येथील जमीन ल्यिकोरेल्या नावाच्या काळसर, पापुद्र्यांच्या पाटीच्या दगडाची असल्यामुळे वेलींची मुळे ओलाव्याच्या शोधात भेगांतून खोल उतरतात, आणि पीक थोडे आले तरी रस दाट निघतो.

या मौनाचा शेवट १८३५ मध्ये झाला. स्पेनच्या सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेण्याचे धोरण स्वीकारल्यावर संन्याशांना स्काला देई सोडावे लागले आणि मठाचे अवशेष उरले. पुढे १९व्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा, म्हणजे अमेरिकेतून युरोपात आलेली, वेलीच्या मुळांवर जगणारी सूक्ष्म कीड, या डोंगरांत पोहोचली. तिने मळे वाळवले, आणि उतारावर दगड रचून बांधलेली पायऱ्यांची शेते मागे टाकून अनेक कुटुंबे शहरांकडे गेली. प्रियोरातच्या नैर्ऋत्येस असलेल्या तेरा आल्ता या दुसऱ्या द्राक्षप्रदेशात ओसाडीची कारणे आणखी कठोर होती. १९३८ मध्ये जुलै ते नोव्हेंबर चाललेली एब्रो नदीची लढाई, म्हणजे स्पॅनिश यादवी युद्धातील सर्वांत मोठी लढाई, येथेच झाली, आणि कोर्बेरा द’एब्रे या गावाचा उद्ध्वस्त जुना भाग आजही स्मारक म्हणून तसाच राखला आहे. या भागातून तोर्तोसापर्यंत जाणारी रेल्वे १९७३ मध्ये बंद पडली. रूळ निघालेल्या त्या मार्गावर, स्पेनमध्ये १९९३ पासून सुरू असलेल्या व्हिया व्हेर्दे, म्हणजे हरित वाट, या योजनेखाली चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी रस्ता झाला. त्या मार्गावर मोटारी नाहीत याचे कारण हेच, की तेथून जाणारी गाडी थांबली.

तेव्हा या वाटेने जाणाऱ्याने ही शांतता कोणाच्या जाण्याने आली ते आठवावे, असे म्हटले तर असा आक्षेप संभवतो की विसावा शोधत आलेल्या माणसाने इतरांच्या दुःखाचे ओझे वाहावे अशी अपेक्षा अन्याय्य आहे, आणि ही भूमी आता केवळ शोकाची उरलेलीही नाही. आक्षेपातील दुसरा भाग निर्विवाद आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही द्राक्ष-उत्पादकांनी प्रियोरातमधील जुन्या वेलींकडे नव्याने लक्ष दिले, आणि २००९ मध्ये या प्रदेशाच्या वाइनला रिओहा या दुसऱ्या द्राक्षप्रदेशाच्या बरोबरीने स्पेनमधील सर्वोच्च दर्जाची मान्यता देशपातळीवर मिळाली. परंतु पहिला भाग विसाव्याचा अर्थ फारच अरुंद करतो. ज्या शांततेमागे कोणाचे तरी जाणे आहे ती केवळ स्वतःच्या सुखासाठी वापरणे म्हणजे एखाद्याच्या रिकाम्या घराला मोकळी जागा समजणे होय.

येथे फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेल यांचा विचार साहाय्यक ठरतो. १९३६ मध्ये त्या स्वयंसेवक म्हणून याच एब्रोच्या वरच्या खोऱ्यातील आघाडीवर गेल्या होत्या. पुढे त्या भगवद्गीता मुळातून वाचण्यासाठी संस्कृत शिकल्या, आणि १९४१ मध्ये दक्षिण फ्रान्समधील द्राक्षतोडणीत मजूर म्हणून राबत असताना येशूने शिकवलेली प्रार्थना त्या मूळ ग्रीकमध्ये म्हणत. त्यांच्या मते प्रार्थनेचे सार अवधानात, म्हणजे स्वतःला बाजूला सारून समोरच्या वस्तूसाठी वा व्यक्तीसाठी मन मोकळे ठेवण्यात आहे. एकाग्रतेपासून हे अवधान वेगळे करावे लागते. सुट्या खडीच्या उतारावर सायकलस्वाराचे चित्त पुढच्या चाकावर खिळते, पण ती एकाग्रता तोल जाऊ नये या भयातून आलेली असल्यामुळे तिचा रोख अखेर स्वतःकडेच असतो. तोच रस्ता चढू लागला की वेग पायी चालणाऱ्याच्या जवळ येतो, भय सरते, आणि बांधाचा प्रत्येक दगड कोणीतरी हाताने उचलून ठेवला होता हे दिसण्याइतका अवकाश मनात तयार होतो. श्रम दोन्हीकडे आहेत, परंतु दुसऱ्याच्या श्रमाची ओळख चढावरच पटते, आणि वेल यांना अभिप्रेत असलेल्या अवधानाचा आरंभ त्या ओळखीत आहे.

कार्थुसियन पंथाच्या आचारातही याला आधार सापडतो. हे मौनी संन्यासी आठवड्यातून एकदा मठाबाहेर लांब फिरायला जातात आणि त्या वाटेवर एकमेकांशी बोलतात. खोलीतले मौन त्यांना बंधूचे बोलणे ऐकण्यास योग्य करते, आणि वाट ही ते ऐकण्याची जागा ठरते. या दृष्टीने पाहता निर्मनुष्य वाट आपल्या निर्मनुष्यतेमुळे पवित्र होत नाही. मठ सोडावा लागलेले संन्यासी, वाळलेला मळा मागे ठेवून गेलेली कुटुंबे आणि लढाईत घर गमावलेले गाव यांच्यासाठी जाणाऱ्याच्या मनात जागा झाली, तर ज्या शांततेला आजवर कोणी कर्ता नव्हता तिला तो कर्ता लाभतो, आणि ओढवलेल्या ओसाडीचे पाळलेले मौन होते.