भीतीचे छायाचित्र

सहामाहीच्या परीक्षेत एक मुलगा कोरा पेपर पुढे ठेवून बसला होता. तळहात घामाने भिजलेले, ओठ पांढरे पडलेले. आदल्याच दिवशी त्याने तसलीच गणिते फळ्यावर भराभर सोडवून दाखविली होती. मी म्हणालो, "पुरे झाली सोंगे!" पोरे हसली. त्याने मान खाली घातली, ती वर्षभर माझ्यापुढे वर केली नाही.

मेंदूच्या छायाचित्रांविषयी मी वाचू लागलो तो त्याच्यामुळेच. १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखवून दिले की, रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचा कोणता भाग कामाला लागला आहे हे चुंबकाच्या यंत्राने ओळखता येते. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढी एकेक गाठ असते. तिचे नावच अमिग्डाला, ग्रीक भाषेत बदाम. धोक्याची चाहूल लागली की ती खवळते. तिला आवरणारा भाग कपाळामागे असतो, आणि तो पुरता पिकायला पंचविशी उजाडते! म्हणजे चौदाव्या वर्षी घरात राखणदार ओरडायला तयार, पण कर्ता माणूस अजून शाळेत.

हे वाचून मला हायसे वाटले. मुलगा खोटा नव्हता, त्याला यंत्राची साक्ष मिळाली. पण मग मन खाऊ लागले. समजा, यंत्रात काहीच दिसले नसते, तर माझे बोलणे रास्त ठरले असते काय?

शिवाय ही साक्ष तरी किती पक्की? २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक मेलेला सॅल्मन मासा त्या यंत्रात ठेवून त्याला माणसांची चित्रे दाखविली. आकडेमोडीत हयगय केली तर त्या मेलेल्या मेंदूतही हालचाल दिसे. आणि जिच्या दोन्ही अमिग्डाला नष्ट झाल्या आहेत, जी सापालाही भीत नाही, अशी एक बाई २०१३ सालच्या प्रयोगात कर्बवायू हुंगताच भीतीने गर्भगळित झाली. म्हणजे भीती बदामातच राहते असेही नाही.

पण मला यंत्र हवेच कशाला होते? ओले हात तर माझ्यासमोर बाकावर होते. ते पाहूनही मी पुरावा मागत होतो, कारण विश्वास ठेवला असता तर थांबावे लागले असते, आणि मला घंटेआधी पेपर गोळा करायचे होते.

आता कोणी असे गोठून बसले की मी त्याला पाणी देतो, व्हरांड्यात बसवतो. थोड्या वेळाने पुष्कळजण लिहू लागतात. काही लागत नाहीत.